भाषेचा दाखला कोण देणार?

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक पात्रता परीक्षेबद्दल, म्हणजे टीईटीबद्दल, निकाल दिला. पहिली ते आठवीच्या ज्या शिक्षकांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरला आहे, त्यांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं, नाहीतर सेवेतून बाहेर पडायचं. त्यानंतर महाराष्ट्रात जो वाद सुरू झाला त्याला दोनच बाजू आहेत. एक म्हणते, वीस-वीस वर्षं शिकवलेल्या माणसांची आता कसली परीक्षा घेता? दुसरी म्हणते, मुलांना पात्र शिक्षक मिळणं हा त्यांचा हक्क आहे, त्यात तडजोड नको. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण ही परीक्षा नेमकं काय मोजते, हा प्रश्न दोघेही विचारत नाहीत. गडचिरोलीतल्या भामरागडच्या एखाद्या टोल्यावर, म्हणजे आदिवासी वस्तीवर, पहिलीत बसलेली सगळी मुलं माडिया बोलतात, आणि त्यांच्यापुढे उभ्या असलेल्या शिक्षकाने टीईटीत दीडशेपैकी एकशेवीस गुण मिळवलेले आहेत. त्या गुणांतला एकही गुण त्याला माडिया येते की नाही हे सांगत नाही. मग 'पात्र' हा शब्द त्या वर्गापुरता कुठून आणायचा?

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. गोंडी, माडिया, कोरकू, कोलामी, पावरी, मावची, वारली, कातकरी या भाषा शाळेत शिकवण्यासाठी राज्याने वेगळा अध्यापन परवाना काढला पाहिजे. भाषेची परीक्षा ती भाषा बोलणाऱ्या समाजाने घ्यावी, शिकवण्याच्या कसबाची परीक्षा शासनाच्या प्रशिक्षण यंत्रणेने घ्यावी, आणि दोन्हींत उतरलेल्या माणसाला मानधन नव्हे, वेतनश्रेणी मिळावी. यातला एकही भाग गाळला तर उरलेले दोन निरुपयोगी ठरतात.

आज या मुलांसाठी आपण काय करतो ते आधी पाहू. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २३ नुसार शिक्षकाची किमान अर्हता राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषद ठरवते. २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी पन्नास टक्क्यांनी बारावी, दोन वर्षांची पदविका आणि टीईटी असं ते सूत्र आहे. टीईटीच्या पहिल्या पेपरात बालमानसशास्त्र, पहिली भाषा, दुसरी भाषा, गणित आणि परिसर अभ्यास यांना प्रत्येकी तीस गुण असतात. महाराष्ट्राच्या टीईटीत पहिल्या भाषेसाठी मराठी, इंग्रजी, उर्दू, हिंदी, गुजराती, कन्नड, तेलुगू, सिंधी, बंगाली असे पर्याय मिळतात. यात राज्यातली एकही आदिवासी भाषा नाही. २०११ च्या जनगणनेत देशात भिली गटातल्या भाषा बोलणारे एक कोटीहून अधिक, गोंडी बोलणारे जवळपास तीस लाख आणि कोरकू बोलणारे सव्वासात लाख नोंदले गेले. या तिन्ही भाषांचे मोठे पट्टे महाराष्ट्रात आहेत. आदिवासी भाषांत परीक्षा घेणं शक्यच नाही, असं म्हणायलाही जागा नाही. केंद्राच्या सीटीईटीत गारो, खासी आणि मिझो या भाषा निवडता येतात. झारखंडच्या टीईटीत संताळी, मुंडारी, हो, खडिया आणि कुडुख यांना जागा आहे.

यावर अधिकारी हमखास सांगतात की त्यासाठीच तर पेसा भरती, म्हणजे आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रांतली राखीव भरती, आहे. ९ जून २०१४ च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातली शिक्षकांसह अनेक पदं स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांसाठी राखली. हेतू चांगला होता आणि त्या भरतीसाठी तरुणांनी केलेली आंदोलनं रास्त होती. पण 'स्थानिक' म्हणजे काय? उमेदवार, त्याचे आईवडील किंवा आजीआजोबा २६ जानेवारी १९५० पासून त्या जिल्ह्याच्या अनुसूचित क्षेत्रात राहत असले पाहिजेत. अट जिल्ह्याची आहे, भाषेची नाही. नंदुरबार जिल्ह्यात नवापूरचा मावची बोलणारा शिक्षक धडगावच्या पावरी बोलणाऱ्या पाड्यावर गेला तर कागदावर तो शंभर टक्के स्थानिक असतो. गडचिरोलीत कुरखेड्याचा हलबी बोलणारा तरुण एटापल्लीच्या माडिया मुलांपुढे उभा राहिला तरी कागद बिनचूकच राहतो. वर्गात मात्र दोघेही मराठीतच बोलतात, कारण त्यांना आणि मुलांना जोडणारी दुसरी भाषा नसते. जातीचा दाखला भाषेचा दाखला नसतो. आदिवासी समाजाच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही हे उघडपणे मान्य करायला हवं. निमशहरी भागात वाढलेल्या कितीतरी गोंड कुटुंबांच्या घरात आज मराठी किंवा हिंदीच बोलली जाते. त्यात त्यांचा काही दोष नाही, पण त्यांच्या मुलांना निव्वळ आडनावामुळे गोंडीचा शिक्षक मानणं भाषेवर अन्याय आहे आणि त्या तरुणांवरही.

भाषा न कळणारा शिक्षक वर्गात काय गमावतो, हे व्याकरणाची दोन उदाहरणं घेतली की स्पष्ट होतं. गोंडीत नामांचे वर्ग दोन आहेत. पुरुषवाचक एक आणि बाकीचं सगळं दुसऱ्यात. बाई, बैल आणि दगड यांना क्रियापदाचं एकच रूप लागतं. हे मूल मराठी बोलायला लागलं की 'आई आलं' म्हणतं. शिक्षकाला गोंडी येत नसेल तर त्याला ती चूक वाटते, मूल मंद वाटतं, आणि तो तेच वाक्य दहादा घोकून घेतो. गोंडी येणारा शिक्षक एका क्षणात ओळखतो की मूल नियम पाळतंय, फक्त आपल्या भाषेचा. मग तो तीन खोकी मांडतो, एक मराठीत 'तो' म्हणतात त्यांचं, दुसरं 'ती'चं, तिसरं 'ते'चं, आणि मुलांकडून चित्रं टाकून घेतो. कोरकूत एकवचन आणि अनेकवचन यांच्या मध्ये द्विवचन आहे. संस्कृतात द्विवचन आहे म्हणून आपण तिची थोरवी गातो. मेळघाटातल्या सहा वर्षांच्या पोरीच्या तोंडी तेच आहे याची दखल कुणी घेत नाही. ही पोरगी 'दोन गाय' आणि 'पाच गायी' यांत फरक करू पाहते तेव्हा ती चुकत नसते, ती तिला माहीत असलेला फरक मराठीत शोधत असते. असं निदान करण्यासाठी बालमानसशास्त्राच्या तीस गुणांचा उपयोग काय?

आता विरोधी बाजूचे मुद्दे. त्यांतला सर्वांत भक्कम असा की भाषा बोलता येणं वेगळं आणि शिकवता येणं वेगळं. हे अगदी खरं आहे. ज्याला उत्तम मराठी येते तो प्रत्येक माणूस मराठीचा शिक्षक होऊ शकत नाही, मग कोरकूचा अपवाद कसा करायचा? प्रशिक्षण नसलेला जाणकार वर्गात उभा राहिला की काय होतं, याचा ठरावीक नमुना आहे. तो शब्दांच्या याद्या करतो. पहिल्या आठवड्यात शरीराचे अवयव, दुसऱ्यात रंग, तिसऱ्यात प्राणी. फळ्यावर डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे आदिवासी शब्द. ज्या मुलांना भाषा आधीच येते ती कंटाळतात, कारण त्यांना 'नाक' हा शब्द नव्याने शिकण्याची गरज नसते. ज्यांना येत नाही त्यांच्या हाती सुट्टे शब्द पडतात, वाक्य कधीच नाही. सहा महिन्यांत तास संपतो आणि वार्षिक स्नेहसंमेलनातला नाच उरतो. म्हणून शिकवण्याच्या कसबाची परीक्षा रद्द करा, असं म्हणणाऱ्यांच्या मी विरोधात आहे. पण ती परीक्षा टीईटीच असली पाहिजे, हा निष्कर्ष यातून कसा निघतो? टीईटी ही बहुपर्यायी लेखी परीक्षा आहे. दीडशे मिनिटांत दीडशे गोल काळे करून कुणाला वर्ग सांभाळता येतो हे कळत असतं, तर डी.एल.एड.ला, म्हणजे शिक्षक पदविकेला, सराव पाठ ठेवलेच नसते. आणि याच परीक्षेच्या २०१९-२० च्या फेरीत साडेसात हजारांहून अधिक उमेदवार गैरमार्गाने उत्तीर्ण झाल्याचं निघालं, हेही दर्जाच्या नावाने बोलताना विसरता येत नाही.

हा पेच आपल्यापुढे पहिल्यांदा आलेला नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं, तेव्हा प्राथमिक शाळांतले बहुतेक शिक्षक ब्राह्मण होते आणि कुणबी-माळ्यांची पोरं शाळेत टिकत नव्हती. फुल्यांनी काय मागितलं? शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, लोकांत मिसळणारे, नांगराची मूठ धरायला किंवा सुताराचं हत्यार हातात घ्यायला न लाजणारे असावेत. पण ते तिथे थांबले नाहीत. हे शिक्षक प्रशिक्षित हवेत, आणि प्रमाणपत्र परीक्षा उत्तीर्ण झालेल्याला दरमहा बारा रुपयांपेक्षा कमी पगार नको, मोठ्या गावांत पंधरा-वीस हवा, असंही त्यांनी मांडलं. समाजातला माणूस, प्रशिक्षण आणि पगार या तिन्ही गोष्टी त्यांनी एकाच मागणीत बांधल्या होत्या. आजच्या वादात एक गट पहिली गोष्ट घेऊन पळतो, दुसरा गट दुसरी, आणि तिसरीबद्दल वित्त विभाग सोडून कुणी बोलतच नाही.

दुनियेतही जिथे अशा भाषा शाळेत उभ्या राहिल्या तिथे परवान्याच्या प्रश्नाला आधी भिडावं लागलं. हवाईत १८९६ च्या कायद्याने शाळेची भाषा इंग्रजी केली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अठरा वर्षांखालची हवाईयन बोलणारी मुलं पन्नाससुद्धा उरली नव्हती. पालकांनी 'पूनाना लेओ' नावाच्या बालशाळा सुरू केल्या. तिथे मुलांशी बोलू शकणारे म्हातारे होते, पण बालशाळेच्या नियमांना लागणारं प्रमाणपत्र त्यांच्याकडे नव्हतं. ज्यांच्याकडे प्रमाणपत्र होतं त्यांना भाषा येत नव्हती. १९८६ साली कायदा बदलला तेव्हा कुठे तो अडसर दूर झाला. न्यूझीलंडमध्ये १९८२ पासून 'कोहंगा रेओ', म्हणजे भाषेची घरटी, उभी राहिली, तीही आजीआजोबांच्या बळावर. तिथे आज मर्यादित अध्यापन अधिकार म्हणून वेगळा परवाना आहे. ज्या कौशल्याचे शिक्षक मिळत नाहीत ते कौशल्य असलेल्या माणसासाठी शाळा अर्ज करते आणि त्याला जास्तीत जास्त तीन वर्षांचा अधिकार मिळतो. अमेरिकेच्या १९९० च्या मूळनिवासी भाषा कायद्याने हे राष्ट्रीय धोरण म्हणूनच मान्य केलं की या भाषा शिकवणाऱ्यांच्या नेमणुकीत शिक्षक-प्रमाणपत्राच्या अटी आड येत असतील तर अपवाद करावा.

यात मला सर्वांत शिकण्यासारखा वाटतो तो ओरेगॉन राज्याचा २००१ चा कायदा. तिथे नऊ मान्यताप्राप्त जमाती आहेत. आपल्या भाषेची तोंडी-लेखी परीक्षा कशी घ्यायची हे जमात ठरवते, घेतेही तीच. जमातीने नाव पुढे पाठवलं की राज्याचं शिक्षक मंडळ परवाना देतं. पदवीची सक्ती नाही. मात्र परवानाधारकाला त्या भाषेखेरीज दुसरा विषय शिकवता येत नाही, परवान्याची मुदत असते, आणि ज्याने शिक्षक-प्रशिक्षण घेतलेलं नाही त्याला ठरलेल्या मुदतीत मार्गदर्शन कार्यक्रम पुरा करावा लागतो. दार उघडं ठेवलं, पण चौकट काढली नाही. माँटाना राज्यात १९९५ पासून असाच 'क्लास ७' नावाचा परवाना आहे. तिथेही भाषा-संस्कृतीच्या जाणकारीची शिफारस जमातच करते.

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो आपल्याकडे ओरेगॉनपेक्षा जास्त टोकदार आहे. परीक्षा समाजाच्या हाती दिली तर सरपंचाचा पुतण्या उत्तीर्ण होणार नाही कशावरून? होईल, जर परीक्षा गावातच आणि गावाने शिफारसपत्र देण्याइतकीच ठेवली तर. ग्रामसभेचा ठराव हा माणसाच्या वागणुकीबद्दल विश्वासार्ह पुरावा असू शकतो, भाषेच्या पातळीबद्दल नाही. त्यासाठी मंडळ तीन जणांचं असावं. दोघे तीच बोली बोलणारे पण उमेदवाराच्या तालुक्याबाहेरचे, तिसरा जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेचा, म्हणजे डाएटचा. परीक्षा साधारण पाऊण तासाची आणि पूर्ण ध्वनिमुद्रित. 'शंभर शब्द सांगा' हा प्रकार तिच्यात नको. उमेदवाराने एक गोष्ट सांगावी, मुलांना एक खेळ समजावून सांगावा, मोहफुलं वेचण्याचं किंवा घराच्या कुडाचं काम पायरीपायरीने वर्णन करावं, वयस्क बाईचं दोन मिनिटांचं बोलणं ऐकून त्याचा आशय सांगावा, पहिलीतल्या दोन मुलांशी पाच मिनिटं बोलून दाखवावं, आणि देवनागरीत लिहिलेला त्या भाषेतला एक परिच्छेद वाचावा. परीक्षकांनी एकमेकांना न विचारता गुण द्यावेत. शंभरात दहापेक्षा जास्त तफावत आली तर मुद्रण तिसऱ्या तालुक्यातल्या परीक्षकाकडे जावं. उत्तीर्णतेची रेघ सत्तरवर. ध्वनिमुद्रण जपून ठेवलं की तक्रार आल्यावर पुतण्याचं प्रकरण कुणालाही ऐकता येतं. लेखी परीक्षेपेक्षा ही पद्धत फोडायला कठीण आहे, कारण उत्तरपत्रिका बदलता येते, आवाज बदलता येत नाही.

परीक्षकांकडूनच होणारी एक चूक मात्र आधीच रोखावी लागेल. जुन्या पिढीचे जाणकार शुद्धतेचा आग्रह धरतात. तरुण उमेदवाराने 'बाजार', 'शाळा', 'मोबाईल' म्हटलं की त्याचे गुण कापतात. पगार, चावी, बटाटा हे पोर्तुगीज शब्द वापरून आपण मराठीत नापास होत नाही. मग कोरकू बोलताना मराठी शब्द आला म्हणून कोरकू संपत नाही. वाक्याची घडण, प्रत्यय, क्रियापदाची रूपं त्या भाषेची आहेत का, एवढंच पाहायचं. उलट शाळेत लागणाऱ्या संज्ञांचा, म्हणजे हातचा, अपूर्णांक, परिच्छेद यांचा, एक छोटा सामाईक शब्दसंग्रह प्रत्येक भाषेसाठी ठरवून द्यायला हवा. नाहीतर प्रत्येक शिक्षक आपापला शब्द घडवतो आणि मुलाची शाळा बदलली की त्याचं गणित पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

बोलीभेदाचा मुद्दाही खोटा नाही. यवतमाळ-किनवटची गोंडी आणि भामरागडची माडिया यांत बरंच अंतर आहे, म्हणून परवान्यावर 'गोंडी' एवढंच लिहून भागणार नाही, बोलीचं आणि पट्ट्याचं नाव लागेल. एका वर्गात तीन भाषांची मुलं असतात, हेही काही ठिकाणी खरं आहे, मुख्यतः आश्रमशाळांत. पण त्या अडचणीचा आधार घेऊन एकभाषी पाड्यांवरचं काम अडवणं मला पटत नाही. आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या निहालीसारखी भाषा, जिचं कुठल्याच ज्ञात भाषाकुळाशी नातं जुळत नाही आणि जी जेमतेम दोन-अडीच हजार लोक बोलतात, तिच्यासाठी तालुक्याबाहेरचा परीक्षक मिळणारच नाही. तिथे वेगळा, हाताने शिवलेला उपाय करावा लागेल.

पालकांना मराठी आणि इंग्रजी हवी आहे, गोंडी नको, असं ऐकवलं जातं. पालकांना मुलांनी पुढे जावं असं वाटतं, यात नवल काय? पण हा परवाना मराठी काढून टाकण्यासाठी नाही. पहिलीतलं मूल ज्या भाषेत विचार करतं तिच्यात वाचायला शिकलं की ते कौशल्य मराठीत नेणं सोपं जातं, कारण लिपी तीच, देवनागरी. संविधानाचं कलम ३५० क मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाच्या सोयीबद्दल १९५६ पासून बोलतं आहे. शिक्षणहक्क कायद्याचं कलम २९ 'शक्य असेल तिथवर' मातृभाषेचं माध्यम सांगतं. 'शक्य असेल तिथवर' या शब्दांत शिक्षक नसण्याचं निमित्त दरवर्षी बसवलं जातं, आणि शिक्षक तयार करण्याची वाटच आपण ठेवलेली नाही. ओडिशाने २००७ साली दहा आदिवासी भाषांत बहुभाषिक शिक्षण सुरू केलं आणि पुढे ते एकवीस भाषांपर्यंत नेलं. तिथे शक्य झालं ते इथे अशक्य का ठरावं?

कायद्याची बाजू जरा नीट पाहावी लागेल, कारण इथेच चांगल्या कल्पना कोसळतात. २२ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातलं अनुसूचित क्षेत्रातल्या शिक्षकपदांचं शंभर टक्के आरक्षण रद्द केलं. त्याचे पडसाद आपल्या पेसा भरतीवरही उमटले. त्या निकालाचा गाभा असा की संपूर्ण पदं एका वर्गासाठी बंद करणं समानतेच्या हक्कात बसत नाही. भाषेची अट मात्र कुणासाठी दार बंद करत नाही. धारणीत वाढलेल्या गवळ्याच्या मुलाला अस्खलित कोरकू येत असेल तर त्यालाही हा परवाना मिळावा, आणि कोरकू आडनावाच्या पण भाषा न येणाऱ्याला मिळू नये. जन्माऐवजी क्षमतेवर उभी असलेली अट न्यायालयात जास्त टिकेल, असं मला वाटतं. आदिवासी संघटनांतल्या काहींना हे कडू लागेल, त्यांची भीती मी समजू शकतो. आरक्षण जिथे आहे तिथे ते राहायलाच हवं, परवाना त्याच्या जागी येत नाही. पण व्यवहारात या परीक्षेत बसून उत्तीर्ण होणारे बहुसंख्य कोण असतील हे सांगायला भविष्यवेत्त्याची गरज नाही.

मार्ग दोन आहेत. एक, राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने २०१० च्या अधिसूचनेत आदिवासी भाषा शिक्षक असा स्वतंत्र प्रवर्ग घालणं. दुसरा, संविधानाच्या पाचव्या अनुसूचीच्या परिच्छेद ५(१) खाली राज्यपालांनी शिक्षणहक्क कायद्याचं कलम २३ अनुसूचित क्षेत्रात फेरबदलासह लागू करणं. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी, पटसंख्या शंभराच्या वर असेल तर, कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांचे अंशकालीन निदेशक आधीच आहेत. म्हणजे विशेष विषयाचा विशेष शिक्षक ही कल्पना कायद्याला परकी नाही. पण त्याच अंशकालीन निदेशकांचं महाराष्ट्रात काय झालं? मानधन तुटपुंजं, नेमणूक वर्षापुरती, आंदोलनं आणि न्यायालयाच्या फेऱ्या. नव्या शैक्षणिक धोरणातही स्थानिक जाणकारांना 'प्रशिक्षक' म्हणून बोलावण्याची तरतूद आहे, त्याचा शेवटही तसाच होण्याची धास्ती वाटते.

म्हणून 'दुय्यम दर्जाचा शिक्षक तयार होईल' या आक्षेपाला मी सर्वांत जास्त वजन देतो. तासिका तत्त्वावर नेमलेला भाषाशिक्षक पहिल्या वर्षी शिकवतो, दुसऱ्या वर्षी पोषण आहाराची नोंदवही सांभाळतो, तिसऱ्या वर्षी मुख्याध्यापक तालुक्याला गेले की चारही वर्ग राखत बसतो, आणि चौथ्या वर्षी तो रोजगारासाठी बाहेर पडलेला असतो. हे टाळायचं तर परवान्यातच शिडी हवी. पहिली तीन वर्षं मर्यादित परवाना, इयत्ता पहिली ते पाचवी, फक्त नमूद भाषेसाठी, आणि मानधन किमान शिक्षणसेवकाइतकं, म्हणजे आजचे सोळा हजार. या काळात डाएटमधलं प्रशिक्षण सुट्ट्यांत, आणि वर्षातून दोनदा वर्गात बसून निरीक्षण. त्यानंतर पाच वर्षांचा परवाना वेतनश्रेणीसह. ज्याला पूर्ण शिक्षक व्हायचं आहे त्याला सेवेत राहून डी.एल.एड. करता यावं. २०१७ ते २०१९ या काळात राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने अप्रशिक्षित सेवारत शिक्षकांसाठी हा अभ्यासक्रम देशभर चालवला होता, म्हणजे वाट चाललेली आहे. पद संचमान्यतेत, म्हणजे शाळेच्या मंजूर पदांत, दाखवलं पाहिजे, आणि बदली त्याच बोलीच्या पट्ट्यात. नाहीतर मोठ्या कष्टाने मिळवलेला माडियाचा शिक्षक पुढच्या बदली फेरीत आरमोरीला गेलेला दिसेल. मुलांच्या सुरक्षेसाठी पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र मात्र सवलतीविना सर्वांना सारखं.

आतापर्यंत भाषेबद्दल बोललो. इतिहास आणि संस्कृती यांचा हिशेब निराळा आहे, आणि तो भाषेच्या हिशेबात मिसळला की दोन्ही बिघडतात. भाषा शिकवणारे थोडे लागतात आणि ते त्या भाषेतलेच लागतात. आदिवासींचा इतिहास मात्र प्रत्येक शिक्षकाला यायला हवा, पुण्यातल्यालाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात १९८३ साली न्यायालयाने तिथल्या मूळनिवासी ओजिब्वे लोकांचे जुन्या तहांतले शिकार-मासेमारीचे हक्क मान्य केले. त्यानंतर दर वसंतात तळ्यांच्या धक्क्यांवर गोऱ्यांचे जमाव मासे मारायला आलेल्या ओजिब्वे लोकांना शिव्या घालायला, दगड मारायला जमू लागले. तह म्हणजे काय, हेच त्या लोकांना शाळेत कधी शिकवलं गेलं नव्हतं. राज्याने १९८९ मध्ये कायदा केला आणि १ जुलै १९९१ पासून शिक्षक परवान्यासाठी तिथल्या जमातींचा इतिहास, संस्कृती आणि सार्वभौमत्व शिकणं सर्वांना सक्तीचं झालं. आपल्याकडे वनहक्क कायदा २००६ चा, पेसा १९९६ चा. किती डी.एल.एड. विद्यार्थ्यांना ग्रामसभेचे अधिकार सांगता येतील? राघोजी भांगरे यांना १८४८ साली ठाण्यात आणि बाबूराव शेडमाके यांना १८५८ साली चंद्रपुरात फाशी दिली गेली, ती कोणत्या कारणांनी? १८७८ च्या वन कायद्याने गावाच्या शेजारचं जंगल रातोरात सरकारी कसं झालं? हे ठाऊक नसलेला शिक्षक ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, मुलांच्या डोक्यावर पिसं बांधतो आणि त्याला संस्कृती म्हणतो. गोटूल, म्हणजे गोंड-माडिया गावातलं तरुणांचं सामूहिक घर, म्हणजे काय हे सांगताना तो तीच ऐकीव, चवीची गोष्ट सांगतो जी बाहेरच्यांनी रचली. इथे निराळा परवाना नको, सर्वांच्या पदविकेत एक सक्तीचा पेपर हवा, आणि तो शिकवायला आदिवासी समाजातले अभ्यासक हवेत.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मोहगाव ग्रामसभेने २०१९ साली स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. २०२२ साली शिक्षण विभागाने तिला विनामान्यता शाळा ठरवून नोटीस बजावली. कायद्याप्रमाणे विनामान्यता शाळेला एक लाखापर्यंत दंड आणि चालू ठेवल्यास दिवसाला दहा हजार रुपये. खात्याने नियम लावला, ग्रामसभेने संविधान दाखवलं. परवान्याची वाट असती तर त्या शाळेतल्या शिक्षकांना परीक्षेला बसता आलं असतं, आणि शाळेला पात्र शिक्षक नाहीत हे म्हणायला जागा उरली नसती.

सुरुवात एकाच भाषेने करावी, आणि ती कोरकू असावी. मेळघाटातले धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके, एकच जिल्हा परिषद, बोलीभेद कमी. बारा परीक्षकांची यादी, त्यांना चार दिवसांचं प्रशिक्षण, नमुना ध्वनिमुद्रणांवर गुण देण्याचा सराव, शाळेसाठी तीनशे संज्ञांचा शब्दसंग्रह. दिवाळीनंतर काम हाती घेतलं तर मार्चमध्ये परीक्षा होऊ शकते, आणि एप्रिल-मे प्रशिक्षणाला मिळतात. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्या दिवशी पहिलीत बसणारी मुलं घरून कोरकूच घेऊन येणार आहेत.